खारूची दुसरी शाळा

खारूने शाळा सोडली हे घरात बरेच दिवस कुणी तोंडाने कबूल केलं नव्हतं. आधी पोट दुखत होतं, मग डोकं, मग पुन्हा पोट. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ बाहेर काढायला लावली, रक्त तपासलं आणि पोरगी ठणठणीत असल्याचं सांगितलं. ठणठणीत पोरगी दुसऱ्या दिवशी दप्तर पाठीला लावून दारापर्यंत आली, बुटाची नाडी बांधायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

"चल गं, उशीर होतोय," आई म्हणाली.

खारू उठली नाही. तोंडातून आवाज नाही की हुंदका नाही, नुसतं नाकाच्या शेंड्यावरून पाणी ओघळून बुटावर पडत होतं. आईने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो खांदा लाकडासारखा लागला.

त्या दिवसापासून ती गेलीच नाही.

लहानपणी ती गालात घास साठवून ठेवायची, म्हणून बाबाने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. पुढे ताई गळून पडली आणि खारू राहिली. आता ती चौदा वर्षांची होती. वर्गात कधी पहिली आली नाही, कधी नापासही झाली नाही. बोलायची बेताचं, पण मध्येच असं काहीतरी बोलून जायची की बाबाला घास खाली ठेवून हसावं लागायचं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर काळोख्या उभ्या विहिरींत लोंबकळून आलेला हा माणूस घरी आला की त्याला उजेड आणि बडबड दोन्ही लागायचं, आणि ते त्याला खारूकडून मिळायचं. आई खारूच्याच शाळेत गणित शिकवायची.

आई नाकासमोर चालणारी बाई होती. खारू तिच्या वर्गात आली तेव्हा तिने मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, जाऊन तुकडी बदलून मागितली होती. वेळापत्रक जुळेना. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका बाईंनी आपल्या मुलाला गुण वाढवून दिल्याची कुजबुज स्टाफरूममध्ये महिनाभर चालली होती, आणि ती कुजबुज आईने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. आपल्याकडे कुणी बोट दाखवता कामा नये, हे तिने मनाशी पक्कं केलं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिने खारूला समोर बसवून सांगितलं, "वर्गात मी तुझी आई नाही. बाई."

"हो बाई," खारू म्हणाली, आणि दोघी हसल्या होत्या.

हा शब्द आईने पाळला. खारूला कधी फळ्याशी बोलावलं नाही, कधी प्रश्न विचारला नाही, तिच्या बाकाकडे नजर जाऊ दिली नाही. अवघड जायचं, पण जमलं. तिला त्याचा थोडा अभिमानच होता.

आता तिला कोडं पडलं होतं ते वेगळंच. शाळेच्या नावाने जिच्या पोटात गोळा येतो, ती पोरगी दिवसभर पांघरुणात बसून बघायची काय, तर शाळा. एक जपानी मालिका होती. आईने एकदा कार्टून म्हटलं, तर खारू म्हणाली, "कार्टून नाही, अ‍ॅनिमे." मालिकेचं नाव एवढं लांबलचक होतं की बाबा तिला नुसतं 'ती शाळा' म्हणायचा. त्या शाळेत राक्षसांची, भुतांची, जादूगारांची पोरं शिकत होती, आणि कारकुनाच्या चुकीने एका साध्या माणसाच्या मुलीलाही तिथे प्रवेश मिळाला होता. सारखी तीच गाणी, त्याच किंचाळ्या, तेच खिदळणं. आई शाळेतून थकून यायची आणि दार उघडताच पहिली कानावर पडायची ती त्या खोट्या शाळेची घंटा.

"खऱ्या शाळेत जायला पोट दुखतं आणि हे बघायला दुखत नाही?" एकदा तिचा तोल गेला.

खारूने आवाज कमी केला. 

आईने टॅब काढून घेतला आणि कपाटात कुलपात ठेवला. रडारड होईल, आदळआपट होईल अशी तिची तयारी होती. तसं काहीच झालं नाही. खारू भिंतीकडे तोंड करून झोपली आणि झोपूनच राहिली. दुपारी जेवली नाही, संध्याकाळी दूध घेतलं नाही. बाबाने येऊन पांघरुणावरून हात फिरवला, दोन विनोद केले, तिसरा अर्ध्यावर सोडून तो बाहेर आला.

"किल्ली दे," तो म्हणाला.

"अरे, तू असं केलंस तर ती कधीच..."

"किल्ली दे गं. लिफ्ट अडकली की आत माणूस कशाला धरून उभा आहे ते आधी बघायचं असतं. ते काढून नाही घ्यायचं."

त्याने टॅब परत दिला आणि स्वतः खारूच्या शेजारी पाय पसरून बसला. थोड्या वेळाने आईला स्वयंपाकघरात त्याचं हसणं ऐकू आलं. तोंडदेखलं नव्हे, खरं, पोटातून आलेलं. "अगं, ये तरी इकडे!" तो ओरडला. "याचं नाक बघ कुठे लावलंय!"

आई गेली नाही. पण आठवडाभर ते हसणं ऐकून ऐकून तिला आपल्याच घरात कानकोंडं व्हायला लागलं, आणि एका रविवारी दुपारी हात पुसत ती पलंगाच्या कडेला टेकली.

त्या भागात चिखलाचा एक मुलगा होता. पाऊस आला की तो विरघळायचा, आणि वर्गातली पोरं बादल्या घेऊन धावायची, त्याला गोळा करायची आणि पुन्हा घडवायची. मग भांडणं. नाक इथे होतं, नाही तिथे होतं, कान एवढा मोठा कधी होता? एक धिप्पाड राक्षसकन्या, जी मुंगीला घाबरायची, ती त्याला आपल्या विणलेल्या शालीवर वाळत घालायची. वर्गाचे सर म्हणजे म्हातारा ड्रॅगन. त्यांना कायमची सर्दी. हजेरी घेताना हटकून शिंक यायची, हजेरीचं पुस्तक जळून जायचं आणि सर नाक पुसत म्हणायचे, "पुन्हा पहिल्यापासून." मग सगळी नावं पाठ म्हणून दुसऱ्यांदा हजेरी. एखाद्याचं उत्तर आलं नाही तर सर पुढचं नाव घ्यायचेच नाहीत. चष्मा लावायचे, मान लांब करून बाकाखाली बघायचे, खिडकीबाहेर बघायचे, आणि अख्खा वर्ग त्या पोराला शोधायला निघायचा. त्या दिवसाचा धडा तिथेच राहायचा.

चिखलाच्या मुलाचं नाक डोक्यावर लागलं तेव्हा आई फसकन हसली. हसू आवरत तिने बाजूला पाहिलं. खारू पडद्याकडे बघत नव्हती, तिच्याकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

मग ते रोजचंच झालं. आई शाळेतून आली की दोघी एका पांघरुणात बसायच्या. आई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला ठेवायची. एके दिवशी भाग संपल्यावर तिने जपून विचारलं, "तुला यात काय आवडतं गं?"

"यात काही होत नाही," खारू म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे वाईट काही होत नाही. तो कोळीकिड्यांचा राजा आला होता ना शाळा जाळायला, तो शेवटी स्वयंपाकघरात भांडी घासायला राहिला. असंच होतं प्रत्येक वेळी. सुरू झालं की मला माहीत असतं, संपताना सगळे असतील. सगळेच्या सगळे. मग पोट दुखायचं थांबतं." ती पांघरुणाच्या कडेचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "आणि तिथले सर बघतात."

आईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय करतात?"

"बघतात. कोण नाहीये ते."

मग खारूने सांगितलं. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी, दोऱ्याकडे बघत. वर्गात एक खेळ होता. त्याचं नाव 'काच'. खारू म्हणजे काच. काच दिसत नाही, तिच्यातून पलीकडचं दिसतं. तिच्याशी जो बोलेल तोही काच होईल, म्हणून कुणी बोलायचं नाही. ती समोर आली की तिच्या पलीकडच्या भिंतीकडे बघायचं. ती बाकावर बसली असली तरी "ही जागा रिकामी आहे का?" असं एकमेकांना विचारायचं. तिने हजर म्हटलं की कुणीतरी खोकायचं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही, डबा लपवला नाही. पहिल्या सत्रापासून चाललं होतं. एकदा मैदानावर पडून तिचा गुडघा फुटला, तेव्हा तिच्या अंगावरून उड्या मारून सगळे पुढे पळाले. त्यांची शर्यत होती.

"माझ्या तासालाही?" आईचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

खारूने मान हलवली. होकार होता तो.

"मला का नाही सांगितलंस?"

खारूने खांदे उडवले आणि पुढचा भाग लावला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आईने वर्गाच्या मॉनिटरला थांबवून घेतलं. ही मुलगी गणितात हुशार होती. नेटकी, दोन घट्ट वेण्यांची, आईची लाडकी. फळा पुसून ठेवायची, खडू मोजून आणायची. रिकाम्या वर्गात बाकांच्या रांगेत ती उभी राहिली तेव्हा आईला पहिल्यांदाच तिच्याकडे बघायला जड गेलं.

"काच म्हणजे काय?" आईने सरळ विचारलं.

मुलीचा चेहरा उतरला. "बाई, आम्ही तिला काही केलं नाही."

"ते मला कळलंय. काही केलं नाहीत. कुणी सुरू केलं?"

"कुणी नाही, म्हणजे... ते आपोआप झालं." तिचे डोळे भरून आले. "खरं सांगितलं तर रागावणार नाही ना बाई?"

"नाही रागावणार."

"तुम्ही एकदा चाचणीचे पेपर वाटत होता. सगळ्यांची नावं घेऊन, काहीतरी बोलून. मला म्हणालात, अक्षर सुधारलंय. आणि तिच्याजवळ आलात तेव्हा तिचं नाव घेतलं नाहीत. तिचा पेपर नुसता बाकावर ठेवलात, तिच्याकडे न बघता, आणि पुढे गेलात. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, बाईंना पण ती दिसत नाही. सगळे हसले. ती पण हसली, बाई. खरंच हसली. म्हणून आम्हाला वाटलं, तिला पण गंमत वाटतेय. मग तुम्ही तिला कधी प्रश्नच विचारायचा नाहीत, म्हणून मग ते... तसंच चालू राहिलं." ती आता हमसून रडत होती. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

आई खुर्चीत बसली. समोरच्या बाकांकडे तिची नजर गेली. तिसऱ्या रांगेतला भिंतीकडचा बाक खारूचा, हे तिला आठवावं लागलं. वर्षभरात तिने तिकडे नीट पाहिलंच नव्हतं. मॉनिटरने "मी जाऊ का बाई?" असं विचारलं तेव्हा तिने हाताने खूण केली.

घरी गेल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. तशीच खारूसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्यामुळे सुरू झालं ते."

"हं," खारू म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी तिथेच होते ना."

"मग घरी तरी बोलायचंस! घरी तर मी आई होते ना?"

खारूने विचार केला. रागावलेली दिसत नव्हती. एखादं गणित आठवावं तसं तिने आठवून पाहिलं. "सांगायचं होतं एकदा. तेव्हा तू आमच्याच वर्गाचे पेपर तपासत होतीस. माझा पेपर तू सगळ्यांत शेवटी तपासायचीस आणि बेरीज पुन्हा पुन्हा करायचीस. एखादा गुण जास्त तर गेला नाही ना, म्हणून. मला वाटलं, हे पण तसंच करशील. मला सगळ्यांत शेवटी विचारशील."

बाबा आला तेव्हा आई न्हाणीघरात नळ सोडून बसली होती. त्याने दाराबाहेरून हाका मारल्या. सगळं ऐकल्यावर तो चिडला नाही, हे तिला जास्त लागलं. तो फक्त म्हणाला, "मी तरी कुठे बघितलं? मी नुसता हसत बसलो."

मोठ्या बाईंनी आईचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "तक्रार काय लिहू? बोलत नाहीत म्हणून? आणि चौकशी झाली तर पहिलं नाव कुणाचं येईल, ते तुम्हीच सांगितलंत." त्या वाईट नव्हत्या. आवाज मवाळ होता. "मुलं आहेत. तुम्हीच बोला त्यांच्याशी. मनापासून बोललात तर कळेल त्यांना."

आई मनापासून बोलली. वीस वर्षांच्या नोकरीत ती कधी वर्गापुढे रडली नव्हती, त्या दिवशी रडली. चूक आधी माझी, असं तिने सांगितलं. पोरं थिजल्यासारखी ऐकत होती. मागच्या बाकावरचा एक दांडगा मुलगा बाही डोळ्यांवर घासत होता. कुणीतरी विचारलं, "बाई, ती घरी काय करते?" आणि आईने सांगितलं. त्या शाळेबद्दल सांगितलं, ड्रॅगन सरांबद्दल, बादल्या घेऊन धावणाऱ्या पोरांबद्दल. "तिला असा वर्ग हवा होता," ती म्हणाली. "एवढंच हवं होतं."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. घरी जाताना तिने खारूला आवडणारी बिस्किटं घेतली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

पोरांनी ते मनावर घेतलं. अगदी खरोखर घेतलं, हीच त्यातली वाईट गोष्ट. त्यांनी ती मालिका शोधून काढली, बघितली, आणि त्यांना ती आवडली. न आवडण्यासारखं त्यात काय होतं? मधल्या सुट्टीत सगळीकडे तेच चाललेलं आईने पाहिलं. कोण कोणासारखं आहे यावर वाद होत होते, कुणी ड्रॅगनसारखं शिंकत होतं. तिने घरी यातलं काही सांगितलं नाही. मुलं काहीतरी ठरवत होती, आणि तिला ते मुलांकडूनच व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दार खारूनेच उघडलं.

जिन्यात अर्धा वर्ग उभा होता. सगळ्यांत पुढे मॉनिटर, पाठीला पुठ्ठ्याचे हिरवे पंख, नाकाला लाल रंग. दांडग्या मुलाने तोंडाला आणि हातांना माती फासली होती आणि गळ्यात प्लॅस्टिकची बादली अडकवली होती. कुणी शाल पांघरली होती, कुणी कागदाची शिंगं लावली होती. मॉनिटरने एक वही उघडली, सगळ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, मध्येच खोटी शिंक दिली, वही हवेत फेकली आणि म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून!" सगळे हसले. दुसऱ्यांदा नावं झाली आणि शेवटी खारूचं खरं, पूर्ण नाव आलं. जिना एकदम शांत झाला. सगळे तिच्याकडे बघत होते. एकीने फोन उंच धरला होता.

आई खारूच्या मागे उभी होती. तिला खारूची पाठ आणि मान तेवढी दिसत होती. तिने ओठ दाताखाली धरला.

"हजर," खारू म्हणाली.

टाळ्या, आरडाओरडा. त्यांनी केक दिला, सगळ्यांच्या सह्यांचं मोठं कार्ड दिलं. "सोमवारी ये हं," मॉनिटर म्हणाली. तिचा रंगवलेला चेहरा रडवेला झाला होता. "आपला वर्ग आता अगदी तसा आहे. खरंच." खारू हसली, थँक्यू म्हणाली, दांडग्या मुलाला "माती चांगली लावलीयस" असंही म्हणाली. ते खाली उतरेपर्यंत ती दारात उभी राहून हात हलवत होती. आई भिंतीला टेकली. आता सुटलो आपण, असं तिच्या मनात आलं.

खारूने केक ओट्यावर ठेवला आणि ती खोलीत गेली. ओळखीचं गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीच्या मध्येच थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग काहीच ऐकू आलं नाही.

आई आत गेली तेव्हा खारू टॅब मांडीवर पालथा ठेवून बसली होती.

"त्यांना तू सांगितलंस?"

"ते मनापासून आले होते, खारू. खोटं नव्हतं त्यात काही. त्यांना ती मालिका खरंच आवडली."

"तेच ना," खारू म्हणाली. "आता ते सगळे तिथे आहेत."

खारू पुढे बोलली ते इतकं हळू, की आईला जवळ वाकावं लागलं. "चिखलाचा मुलगा आला की आता मला त्या दांडग्याचं तोंड दिसणार. सर शिंकले की मॉनिटरची शिंक. मला जायला एकच जागा होती गं."

सोमवारी ती गेली नाही. मालिका तिने पुन्हा उघडली नाही. पलंगाशेजारी भिंतीवर लावलेलं त्या शाळेचं चित्र काढून घडी करून कागदांच्या रद्दीत ठेवलं. वर्ग काही दिवस वाट बघत राहिला. मॉनिटर रोज विचारायची, "बाई, आज कशी आहे ती?" नंतर एक दिवसाआड विचारू लागली, मग परीक्षा आली. त्यांचं काही चुकलं असं आईला म्हणता येईना. चुकलं होतं ते त्यांनी दुरुस्त केलं होतं, आणि पोरं दुरुस्त करून पुढे जातात.

वार्षिक परीक्षेनंतर खारूला शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या शाळेत घातलं. सकाळी बाबा तिला सोडायला जायचा. तिथे कुणी तिला त्रास दिला नाही. एक मुलगी तर आपणहून तिच्या शेजारी बसली आणि हसून बोलायला लागली. खारू त्या हसण्याला घाबरली. घरी येऊन म्हणाली, "ती का बोलतेय माझ्याशी, मला कळत नाही." ती मुलगी बोलत असताना तिच्या पलीकडे कुणी हसतंय का हेच ती बघत राहायची. शेवटी त्या मुलीलाच ते अवघड झालं आणि तिने जागा बदलली. पुढच्या आठवड्यात बाबाने फाटकाशी गाडी थांबवली आणि खारू उतरलीच नाही. बाबाने गाडी वळवली, आणि घरापर्यंत त्याला एकही विनोद सुचला नाही.

मग घरूनच अभ्यास सुरू झाला. तशी सोय होती, परीक्षेला फक्त जायचं. आई तिला गणित शिकवायची. समोरासमोर बसून, तिच्याकडे बघत. एकदा खारू म्हणाली, "आई, सारखी बघू नकोस ना माझ्याकडे. मला आकडे सुचत नाहीत." आईने नजर वहीवर आणली. बघितलं तरी चुकत होतं आणि नाही बघितलं तरी चुकत होतं.

शाळेत तिने खालचे वर्ग मागून घेतले. मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या मागच्या सामानाच्या खोलीत जायची, दार लोटायची, कानात हेडफोन घालायची आणि ती मालिका बघायची, खारूने जिथे सोडली होती तिथून पुढे. पहिल्यांदा तिला वाटलं होतं, खारूने कधी विचारलंच तर सांगता यावं, म्हणून आपण बघतोय. पुढे पुढे तेही खरं राहिलं नाही. सकाळी उठल्यापासून ती त्या खोलीची वाट बघायची. कुणी विरघळलं की बादल्या यायच्या, कुणी हरवलं की अख्खी शाळा शोधायला निघायची आणि तो सापडायचा. तेवढा वेळ तिच्या छातीवरचा धोंडा हलायचा. घंटा झाली की डोळे पुसून ती वर्गावर जायची. खारूकडून आपण एकदा हेच काढून घेऊन कुलपात ठेवलं होतं, हा विचार ती मनात येताच बाजूला सारायची.

शेवटचा भाग तिने बघितला त्या दिवशी तिला राहवलं नाही. संध्याकाळी तिघं जेवत होते. बाबा ताटाकडे बघत जेवायचा हल्ली.

"मी ती मालिका बघून संपवली," आई म्हणाली.

खारूचा हात थांबला नाही. "हं."

"शेवटी काय होतं, सांगू?"

"मला माहीत आहे."

"तू तर बघितला नाहीस तो भाग."

"त्यात दुसरं काय होणार?" खारू म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता. आईने तो आवाज शाळेत ऐकला होता, एखादं मूल पाठ केलेलं उत्तर देतं तसा. "कुणीतरी राहून जाणार असतं, मग सगळे परत येतात आणि त्याला घेऊन जातात. हो ना?"

"हो," आई म्हणाली.

बाबाने मान वर करून दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. खारूने ताटातलं सगळं संपवलं, उठली, तिघांची ताटं एकात एक ठेवून मोरीत नेली आणि नळ सोडला.